ब्राझिलियाचा ड्राय डे

ब्राझीलला चाललोय म्हटल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, "बीच कुठला?" मी सांगायचो, बीच नाही रे, ब्राझिलिया. मग दुसरा प्रश्न, "म्हणजे रिओच्या बाजूलाच ना?" बाजूला कसलं, विमानानं दोन तास! रिओ राजधानी होती ती १९६० पर्यंत. त्या वर्षी २१ एप्रिलला त्यांनी राजधानी समुद्रापासून उचलली आणि देशाच्या पोटात, लाल मातीच्या माळावर नेऊन ठेवली. समुद्र नाही, साम्बा नाही. आहे ते सगळं सरकारी. थोडक्यात, आमच्या कंपनीला प्रोजेक्ट मिळावा असं गाव.

मुक्काम पाच आठवड्यांचा होता, १० ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२४. मी नेटवर तिथलं टेम्परेचर बघितलं आणि खदखदून हसलो. दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस, रात्री पंधरा! बॉस, मी उमरीचा आहे. उमरी, जिल्हा नांदेड. मुदखेडहून निजामाबादला जाणाऱ्या लाईनवरचं स्टेशन. ज्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्राम वाचलाय त्यांना १९४८ ची उमरी बँकेची लूट आठवेल, बाकीच्यांनी नुसतं 'उन्हाळा' म्हणून आठवलं तरी चालेल. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत लग्नाच्या पंगती वाढलेला माणूस मी. मला अठ्ठावीसचं काय टेन्शन?

हा जो माज आहे ना, त्याचीच ही स्टोरी.

तयारीतला एकच भाग मी शहाण्यासारखा केला, तो म्हणजे यलो फीव्हरची लस. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत हा पीतज्वर आहे, ब्राझीलमध्ये तर आहेच. आपल्याकडे तो कधी आलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. हो, तोच डेंग्यूवाला, कूलरच्या पाण्यात अंडी घालणारा. आजारी माणूस एक आला तरी पुढचं काम करायला डास तयार बसलेत. म्हणूनच आपलं सरकार या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. ब्राझीलहून परत येताना पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. कार्डही लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे सोमवारी लस आणि बुधवारी फ्लाइट असली हीरोगिरी चालत नाही. एक चांगली गोष्ट अशी की, पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागायची. २०१६ पासून एकदा टोचलं की कार्ड आयुष्यभर चालतं.

ही लस कुठल्याही क्लिनिकमध्ये मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच जावं लागतं. मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत, पण जुलैत मी गावी होतो आणि उमरीहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. रेल्वेनं सरळ गेलो, नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये टोचून घेतलं. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ती अंड्यात वाढवतात. त्यामुळे अंड्याची ॲलर्जी आहे का, आधी कुठला आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, असं सगळं तिथं विचारतात.

चालू असलेल्या औषधांचं मी खरं सांगितलं. बीपीची गोळी.

आता हे मी इथं फार सहज लिहिलं, पण ते त्या टेबलासमोर बसलेल्या अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं, बाकी कुणालाच मी ते सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये दीडशे-शंभर निघालं होतं. वय तेहतीस. डॉक्टरांनी पंधरा दिवस मोजून बघितलं, मग एका गोळीत दोन औषधं असलेली गोळी सुरू केली. घरी सांगितलं नाही, कारण आई रडली असती. टीममध्ये सांगितलं नाही, कारण अप्रेझल जवळ होतं आणि 'प्रेशर झेपत नाही वाटतं' असा जोक कुणीतरी मारलाच असता. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये 'आधीपासून असलेले आजार' या रकान्यात मी सरळ 'नाही' लिहिलं. ही सगळ्यात मोठी माती. आधीचा आजार लपवला आणि त्याच्यामुळेच पुढं ॲडमिट व्हायची वेळ आली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की फॉर्म पटकन सबमिट होऊ दे.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. दोन ठिकाणी विमान बदलून दीड दिवस लागला. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी मागत राहा, दर दोन तासांनी उठून फिरा, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. हे सगळं मी आधी वाचलं होतं. प्रत्यक्षात तीन सिनेमे बघितले.

ब्राझिलिया मात्र सॉलिड आहे! नवी मुंबई बघितलेल्या माणसाला तिथं अर्धं ओळखीचं वाटतं. लुसिओ कोस्ता यांनी नकाशा केला, ऑस्कर निमेयर यांनी इमारती उभ्या केल्या आणि राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी चार वर्षांत हे गाव बांधून काढलं. वरून बघितलं तर विमानाचा आकार. मधल्या भागात मंत्रालयं, दोन पंखांत माणसं. पत्ते म्हणजे आपल्या वाशी-नेरूळच्या सेक्टरचे थोरले भाऊ: दक्षिण पंख, चौक तीनशे आठ, ब्लॉक अमुक. हॉटेलांचा सेक्टर वेगळा, बँकांचा वेगळा, दवाखान्यांचा वेगळा. औषधाच्या दुकानांची तर अख्खी गल्ली आहे, लोक तिला 'फार्मसीची गल्ली'च म्हणतात. १९८७ मध्ये युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचं होतं. आमचा उमरीचा वाडा त्याच्याहून म्हातारा आहे, त्याला कुणी विचारत नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का झेब्रा क्रॉसिंगचा. तिथं तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हात पुढं करायचा आणि गाड्या थांबतात. खरंच थांबतात! १९९७ मध्ये त्यांनी अपघात कमी करायला मोहीम काढली आणि तेव्हापासून लोकांना ती सवयच लागली. मी पुण्याचा, पहिले दोन दिवस हात करून मीच मागं सरायचो. ड्रायव्हर थांबलेला, मी थांबलेला, दोघं एकमेकांकडं बघतोय.

कोरडेपणाचं पहिल्यांदा कळलं ते तिसऱ्या रात्री. झोपेतून उठलो, घसा कागदासारखा, उशीवर रक्ताचे दोन थेंब. नाकातून आलेलं. ब्राझिलियाची उंची पाचगणीच्या थोडी खाली, अकराशे मीटरच्या वर. मे ते सप्टेंबर तिथं पाऊस जवळजवळ नसतोच, आणि २०२४ मध्ये तर एप्रिलच्या शेवटापासून थेंब पडला नव्हता. तो पडला थेट ऑक्टोबरमध्ये, मी परत आल्यावर. दुपारची आर्द्रता अशा दिवसांत वीस टक्क्यांखाली सहज जाते. तिथलं हवामान खातं आपल्याकडच्या पावसासारखे कोरडेपणाचे इशारे देतं: तीसच्या खाली सावध, वीसच्या खाली इशारा, बाराच्या खाली आणीबाणी. ऑगस्टच्या शेवटी तर वणव्यांचा धूर शहरावर येऊन बसला, सकाळी खिडकीतून समोरची इमारत धूसर दिसत होती. कोव्हिडचे राहिलेले मास्क बॅगेत होते ते तेव्हा कामी आले. आणि या सगळ्यात झाडं काय करत होती, तर फुलत होती! इपे नावाचं झाड, पान एक नाही, नुसता पिवळाधमक. आपला पळस कसा भर उन्हात पेटतो, अगदी तसं.

रात्री खोलीत बादलीभर पाणी ठेवा आणि खुर्चीवर ओला टॉवेल टाका, हा तिथला घरगुती फंडा. रिसेप्शनवर जाऊन मी हातवारे करत होतो, इंग्रजी तिला येईना, पोर्तुगीज मला येईना. वैतागून मी स्वतःशीच पुटपुटलो, "अगं बाई, बालदी!" आणि तिचा चेहरा उजळला. "बाल्जी?" आणून दिली ना! आपली बालदी पोर्तुगीजांचीच. पाव तिथं पांव, बटाटा बटाटाच, काजू तर मूळचा त्यांचाच. या जोरावर मी दुसऱ्या दिवशी ज्यूसवाल्याकडे 'अननस' मागितला. तो नुसता बघत राहिला. ब्राझीलमध्ये त्याला अबाकाशी म्हणतात. असो. बालदीतलं पाणी मात्र रोज सकाळी ओतून द्यायचं. जानेवारी २०२४ मध्ये तिथं डेंग्यूमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती, त्यामुळे साठलेल्या पाण्याला ते लोक फार टरकून असतात. आपल्याकडं आरोग्य खातं आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस पाळा' म्हणून भिंती रंगवतं. इथं अख्खं शहरच कोरडा दिवस पाळत होतं, नाइलाजानं.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, ते झाले नाहीत. किलोवर जेवण मिळतं. ताट भरा, वजन करा, पैसे द्या. वजनाला लागत असल्यामुळे आपोआप कमी वाढून घेतलं जातं, डाएटिशियननं हे शिकावं. भात आणि घेवड्याची उसळ रोज असते, पण उसळीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय पळी उचलू नका. सकाळी तापिओका, म्हणजे पांढऱ्या पिठाचं धिरडं, आत चीज नाहीतर खोबरं. पहिला घास खाल्ला आणि वाटलं, ही चव तर उपासाची! आहेच. ज्या कंदाचं ते पीठ, त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो. कंद मूळचा तिकडचा, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि आपण त्याला थेट एकादशीला नेऊन बसवलं.

सगळं मस्त चाललं होतं. फक्त पाणी मी उमरीच्या हिशेबानं पीत होतो, म्हणजे तहान लागली की. आणि तहान लागतच नव्हती.

उमरीत ऊन तुम्हाला सांगून मारतं. अंगातून धारा लागतात, शर्ट पाठीला चिकटतो, घसा स्वतः ओरडतो, माणूस आपसूक माठाकडं वळतो. ब्राझिलियात हवा गार, वाऱ्याची झुळूक, शर्ट इस्त्री केल्यासारखा कोरडा. घाम येतो, पण हवा इतकी सुकी की दिसायच्या आत उडून जातो. प्रत्येक श्वासाबरोबर ओल जाते. पाणी तेवढंच जातं, पावती मिळत नाही. ऑफिसात तिथल्या सगळ्यांच्या टेबलावर लिटरभराची बाटली असायची आणि ते दर पंधरा मिनिटांनी घोट घ्यायचे. मला ती फॅशन वाटली होती. माझ्या टेबलावर कॉफी.

सप्टेंबरच्या एक आणि दोन तारखेला मराठवाड्यात काय पाऊस झाला ते आठवत असेल. नांदेड, परभणी, हिंगोली, सगळीकडे पाणीच पाणी. आमचं सोयाबीन शेंगा भरायला आलेलं, ते पाण्यात. बाबा फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलत होते. त्या वर्षी हमीभाव होता चार हजार आठशे ब्याण्णव आणि बाजारात तेवढा मिळत नव्हता, म्हणजे जे हाती लागलं असतं तेही स्वस्तातच जायचं होतं. विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, बाबा, मी सध्या जगातलं सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवणाऱ्या देशात आहे, आणि या दिवसांत इथं शेतं रिकामी ठेवायचा कायदाच आहे. निदान नव्वद दिवस शेतात सोयाबीनचं एक हिरवं रोप दिसता कामा नये, तांबेरा रोग पुढच्या पिकावर जाऊ नये म्हणून. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरंय की. जमिनीला बी पथ्य." आणि मग, "तुझी तब्येत?"

"एकदम मस्त," मी म्हणालो. शेत पाण्यात असताना बीपीचं काय सांगायचं?

आता सात सप्टेंबर, शनिवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी आणि ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन, दोन्ही एकत्र. उमरीत दुपारी बारा वाजता गणपती बसला तेव्हा ब्राझिलियात पहाटेचे साडेतीन. साडेआठ तासांचा फरक. मी अलार्म लावून उठलो, व्हिडिओ कॉलवर आरती केली, बाहेर अंगणात चिखल दिसत होता. परत झोप लागली नाही. घरी गणपती बसेपर्यंत आम्ही काही खात नाही. इथं गणपती बसून झाला होता, पण मोदक नाही, नैवेद्य नाही, मग हॉटेलचा ब्रेकफास्टही नकोसा वाटला. नेहमीप्रमाणे गोळी घेतली. दोन काळ्या कॉफ्या मारल्या. ऑफिसमधली एक सहकारी नवरा-मुलांसोबत परेड बघायला जाणार होती, ती मला गाडीत घेऊन गेली.

परेड मंत्रालयांच्या मधल्या लांबलचक रस्त्यावर असते. दोन्ही बाजूंना एकसारख्या उंच पेट्यांसारख्या इमारती, मधे हिरवळ. त्या दिवसांत पिवळी पडलेली. सावली शोधून सापडत नाही, निमेयर साहेबांनी माणूस पायी येईल असं धरलेलंच नसावं. दोन-अडीच तास आम्ही उभे. सहकारीण मधून मधून बाटली पुढं करायची आणि मी आपला सुसंस्कृत मराठी माणूस, "नको नको, आय ॲम फाइन." घाम नाही, तहान नाही, हवा छान. वरून विमानं गेली, सगळ्यांबरोबर मीही मान वर केली.

पुढचं आठवतं ते जमिनीवरून. डोळ्यांसमोर निळं आकाश, कडेनं आठ-दहा चेहरे, नाकातून रक्त, आणि एक छोटी मुलगी झेंड्यानं मला वारा घालतेय. अग्निशमन दलाचे लोक रुग्णवाहिका घेऊन जवळच होते, तिथं तेच प्रथमोपचार देतात. सावलीत झोपवलं, पाय वर केले, पट्टा बांधला. मोजणारी बाई म्हणाली, "नोवी पोर सेइस." सहकारीणीनं भाषांतर केलं, "नाइन बाय सिक्स." मी घाबरलो. नऊ? माणसाचं बीपी नऊ असतं? मग कळलं, ब्राझीलमध्ये बोलताना शेवटचं शून्य गाळतात. एकशेवीस-ऐंशीला ते 'बारा-आठ' म्हणतात. माझं नव्वद-साठ होतं. हाय बीपीचा पेशंट, लो बीपीनं आडवा!

"कुठली औषधं घेतोस?" सहकारीणीनं विचारलं. तिच्या मागं तिचा नवरा, दोन मुलं, आणि आमचाच एक क्लायंट. सगळ्या जगापासून लपवलेली गोष्ट मी अखेर परेडच्या गर्दीत, लाल मातीत आडवा पडून सांगितली. फोनमध्ये गोळीच्या पाकिटाचा फोटो होता, तेवढं एक बरं केलं होतं. ब्रँडची नावं देशोदेशी बदलतात, पण पाकिटावर औषधाचं मूळ नाव असतं आणि ते कुठल्याही डॉक्टरला कळतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी फोटो मोठा करून बघितला. पहिलं नाव टेल्मिसार्टन, त्याला मान हलवली. दुसरं क्लोरथॅलिडोन. त्यावर बोट ठेवलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "दियुरेचिको." लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. म्हणजे हवा एकीकडून माझं पाणी काढत होती, कॉफी आणि उपाशी पोट होतंच, आणि गोळी दुसरीकडून काढत होती. भरत कुणीच नव्हतं.

तीन तास तिथं ठेवलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. पडताना डोकं आपटलं नव्हतं हे नशीब. बिल? शून्य. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनं आरोग्यसेवा हा हक्क केलाय आणि त्यांची सार्वजनिक सेवा इमर्जन्सीत परदेशी माणसालाही पैसे मागत नाही. १९२ नंबर फिरवला की त्यांची रुग्णवाहिका येते. पण म्हणून इन्शुरन्समध्ये खोटं लिहू नका. मला त्याच दवाखान्यातून प्रायव्हेटमध्ये हलवायची वेळ आली असती तर तो 'नाही' माझ्याकडं बघून हसला असता.

नर्सनं हातात जो ग्लास दिला, त्याची चव मला पाठ होती. मीठ-साखर-पाणी. आमच्याकडं जुलाब झाले, ऊन लागलं की आई हेच द्यायची, अंगणवाडीच्या भिंतीवर 'जलसंजीवनी' म्हणून चित्र होतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजून हजारोंचे जीव वाचवले. ब्राझीलमध्ये १९८३ पासून डॉ. झिल्दा आर्न्स यांच्या संस्थेच्या बायकांनी तेच घरोघरी शिकवलं, मापाचा प्लॅस्टिकचा चमचा वाटून. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. हे प्रमाण फोनमध्ये सेव्ह करा. आणि बीपीवाल्यांनो, हे रोजचं सरबत नाही बरं का. त्यात मीठ आहे, ते गरजेलाच प्यायचं.

संध्याकाळी मी पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी शांतपणे झापलं, की जाताना सांगून का गेला नाहीस. मग गोळी बदलली, उरलेल्या दिवसांसाठी फक्त पहिलं औषध असलेली, आणि रोज दोनदा बीपी मोजून पाठवायला सांगितलं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. शहाळ्याचं पाणी कितीही पिऊ का, विचारलं तर म्हणाले, एखादं ठीक. त्यात पोटॅशियम असतं आणि माझ्या गोळीनं ते शरीरात वाढू शकतं. हे मला अजिबातच माहीत नव्हतं. दोन दिवस मी शहाळ्यांचा रतीब लावायच्या बेतात होतो.

घरी फोन केला तेव्हा तिकडं रविवारची सकाळ उजाडली होती. सहकारीणीनं परेडचे फोटो टाकले होते, त्यात एकात मी आडवा. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं सांगितलं, बीपीपासून. आई रडली नाही. "कशाला लपवलास रे लेकरा?" एवढंच म्हणाली आणि फोन बाबांकडं दिला.

बाबांनी आधी गोळीचं नाव विचारलं. मी दोन्ही वाचून दाखवली.

"ती दुसरी पाण्याची गोळी हाय," बाबा म्हणाले. "मी बारा वर्षं झाले घ्यायलाव. उन्हाळा लागला की डॉक्टर मला ती कमी करून देतेत. पहिल्या वर्षी मी बी पडलो होतो, बांधावर. तुला नाही सांगितलं, तुझी परीक्षा होती."

मला ठाऊक होतं की बाबा 'कसलीतरी गोळी' घेतात. कुठली, ते मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी सुरुवातीला विचारलं होतं, घरात कुणाला बीपी आहे का? मी म्हणालो होतो, "असेल बहुतेक."

उरलेला आठवडा मी बाटली घेऊन फिरलो. लघवीचा रंग बघायचा, फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा झाला की पाणी कमी पडतंय, इतकं साधं माप. नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे, ओठांना व्हॅसलिन, झोपेतून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. रविवारी तिथला मधला हायवे गाड्यांना बंद करून लोकांना चालायला-पळायला मोकळा करतात, त्यावर सकाळी सातला जाऊन आलो, उन्हं चढायच्या आत. सहकारीणीच्या धाकट्या मुलीनं मला नवीन नाव ठेवलं, 'पडलेले काका'.

मुंबई एअरपोर्टवर हेल्थ काउंटरला पिवळं कार्ड दाखवलं. तिथल्या माणसानं तारीख बघितली, मला बघितलं, पुढं जायला सांगितलं. माझ्या मागच्या माणसाकडं कार्ड नव्हतं, त्याला बाजूला बसवलं. सहा दिवस म्हटल्यावर त्याचा चेहरा बघवेना. माझे सहा दिवस गेले असते तर मी उमरीला सतरा तारखेला पोचलो नसतो, आणि त्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी होती. सकाळी झेंडा, संध्याकाळी विसर्जन. मधल्या वेळात बाबांबरोबर शेतात गेलो. पाणी ओसरलं होतं, खालच्या अंगाचं सोयाबीन काळं पडलं होतं, वरच्या अंगाचं अर्धंअधिक वाचलं होतं. बांधावर बसून दोघांनी एकाच बाटलीतून पाणी प्यायलं आणि बाबांनी मला ते पडले होते ती जागा दाखवली.

पिवळं कार्ड आता माझ्याकडं नाही. ते आयुष्यभर चालतं असं आईला सांगितलं, तर तिनं ते सातबाऱ्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिलं. पुढच्या वेळी ब्राझीलला जायचं झालं तर आधी उमरी.